ट्रेलरवरची मोटार: चढवण्यापासून उतरवण्यापर्यंत

चंद्रपूर आणि गडचिरोली हे ओझी वाहणारे जिल्हे आहेत. घुग्घुस-पडोलीच्या बाजूला ताडपत्री ओढलेला कोळसा, गडचांदूरकडून सिमेंट, सुरजागडच्या पहाडावरून उतरणारं लोहखनिज, आलापल्लीच्या जंगलातून बल्लारपूरच्या आगाराकडे निघालेले सागाचे गोल, आणि मधूनच पाठीवर पोकलेन घेतलेला एखादा लोबेड ट्रेलर. यातलं प्रत्येक ओझं कसं रचायचं, कुठे अडवायचं, कशानं आवळायचं हे इथल्या चालक-क्लीनरांना शिकवावं लागत नाही. तरी याच रस्त्यांवर सर्वांत वाईट बांधलेलं ओझं बघायचं असेल तर फ्लॅटबेडवर चढवलेली बिघडलेली मोटार बघावी. पुढच्या बंपरखाली अडकवलेला एक हूक, मागच्या ॲक्सलला नायलॉनच्या दोरीचे चार वेढे, आणि बाकीचा सगळा भरवसा हँडब्रेकवर.

यात नवल नाही. लाकूड आणि कोळसा रोजचा, मोटार क्वचितची, आणि बुटकी मोटार त्याहून क्वचितची. या भागात वर्षानुवर्षं जीपगाड्या चालल्या. त्या जमिनीपासून उंच, लोखंडी सांगाड्याच्या, कुठेही साखळी अडकवली तरी तक्रार न करणाऱ्या. आता ताडोबाच्या मोहर्ली आणि कोलारा गेटांपर्यंत पुण्या-मुंबईच्या सेडान येतात, विजेवरच्या गाड्या येतात. अहेरी-आलापल्लीतही डॉक्टर, प्राध्यापक, कंत्राटदार यांच्या दारात तशाच गाड्या उभ्या असतात. आलापल्ली-सिरोंचा रस्त्यावरच्या एखाद्या खड्ड्यात अशा गाडीचं तेलाचं भांडं, म्हणजे ऑईल सम्प, फुटलं की तिची अधिकृत कार्यशाळा चंद्रपूरला नाहीतर थेट नागपूरला. सिरोंचाहून चंद्रपूर जवळपास दोनशे किलोमीटर. एवढा पल्ला गाडीला स्वतःच्या चाकांवर ओढत नेणं म्हणजे एक दुरुस्ती टाळून तीन ओढवून घेणं. तेव्हा ट्रेलर किंवा फ्लॅटबेड आलाच.

गाडी ट्रेलरवर कशी न्यावी असं विचारलं की लोक थेट पट्ट्यांवर बोलू लागतात: कोणता पट्टा, किती टनांचा, कुठे मिळतो. खरं तर बुटक्या गाडीचं पहिलं नुकसान पट्टा लागण्याआधीच होतं, चढताना.

हिशेब करून बघू. साधारण सेडानच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2.6 मीटर आणि पोटाखालची मोकळी जागा 16 ते 17 सेंटिमीटर. ट्रकचा किंवा साध्या ट्रेलरचा पाटा जमिनीपासून 90 सेंटिमीटर उंच धरला आणि त्याला 3 मीटर लांबीच्या फळ्या लावल्या, तर चढ साडेसतरा अंशांच्या आसपास होतो. गाडी वर जाते, पुढची चाकं पाट्यावर पोचतात, मागची अजून फळीवर असतात, आणि मधला कोपरा सरळ पोटात घुसतो. कारण एवढ्या व्हीलबेसची आणि एवढ्या उंचीची गाडी चौदा-साडेचौदा अंशांपलीकडचा मोड पोट न घासता ओलांडूच शकत नाही. इथे घासतं ते नेमकं सायलेन्सरचा पाइप, पेट्रोलची नळी, आणि विजेच्या गाडीत बॅटरीचा तळ. त्याच्याही आधी, फळीच्या पायथ्याशी, पुढचा बंपर टेकतो. चाकाच्या पुढे 80-85 सेंटिमीटर नाक काढलेल्या गाडीला बारा-तेरा अंशांचा चढही जड जातो. जीपवाल्या माणसाला हे पटत नाही, कारण त्याच्या जीपला या कोनांचा कधी प्रश्नच पडला नव्हता. तो म्हणतो, "भाऊ, जोरात घ्या, चढते." गाडी चढते खरी, बंपरच्या क्लिपा मात्र खाली राहतात.

उपाय तीन, आणि तिन्ही कोन कमी करण्याचे. पहिला, फळी लांब करणं. 90 सेंटिमीटर उंचीला चार मीटरच्या फळ्या लावल्या की चढ तेरा अंशांवर येतो. पायथ्याशी आणखी दोन पातळ फळ्या टाकून तोच चढ दोन टप्प्यांत फोडला की बंपरही वाचतो. दुसरा उपाय झुकणाऱ्या पाट्याचा. हा पाटा मागे सरकतो आणि शेपूट जमिनीला टेकवतो. सहा मीटरचा अख्खा पाटाच फळी झाल्यामुळे चढ आठ-नऊ अंशांवर उतरतो. शहरात गाडी उचलायला येतो तो फ्लॅटबेड हाच. या दोन जिल्ह्यांत तो चंद्रपूर, बल्लारपूर अशा मोठ्या गावांभोवती सापडतो. भामरागडला बोलावला तर तो येईपर्यंत दिवस मावळतो, आणि पर्लकोटेला पूर आलेला असेल तर येतच नाही.

तिसरा उपाय इथला आहे आणि मला तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. फळी उंचवायची नाही, ट्रेलर खाली घालायचा. खाणीच्या आणि रस्त्याच्या कामावरचे लोक डोझर लोबेडवर चढवताना मातीचा उंचवटा शोधतात आणि ट्रेलर मागे घेऊन त्याला भिडवतात. पाटा आणि जमीन एका पातळीत आली की मग फळी लागलीच तर फट बुजवण्यापुरती. रेल्वे स्टेशनावरचा मालधक्का हेच काम करतो. आष्टी ते आलापल्ली रस्त्यालगत भराव घातलेल्या जागा काही कमी नाहीत. रस्ता उंच आणि बाजूची बांधी खोल, एवढीच सोय लागते, फक्त खालची जमीन ट्रेलरचं वजन पेलेल इतकी कोरडी हवी. धानाच्या बांधीत श्रावणात हा प्रयोग केला तर मोटारीसोबत ट्रेलरही काढावा लागेल.

बंद गाडी वर ओढायची ती विंचनं. बहुतेक आधुनिक मोटारींत ओढण्यासाठीची कडी सुटी दिलेली असते: डिकीत स्टेपनीशेजारी, जॅक आणि पान्याबरोबर. बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण काढून ती आत फिरवून बसवायची. काही गाड्यांत तिचे आटे उलटे असतात, म्हणून 'बसत नाही' म्हणून सोडून देण्याआधी दुसऱ्या बाजूला फिरवून बघावी, आणि ती शेवटपर्यंत बसवावी. अर्धी बसलेली कडी तिरप्या ओढीनं वाकते. ही कडी सरळ रेषेत ओढायला आहे. ट्रेलरवर गाडी बांधून ठेवायला ती नाही, हे ओढणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी पुन्हा सांगावं लागतं. विंचची तार ताणलेली असताना तिच्या रेषेत कुणी उभं राहू नये. तार तुटली तर ती ज्या वेगानं परत येते त्यापुढे पळायला वेळ मिळत नाही.

आता बांधणं. इथे आधी बाकीच्या ओझ्यांकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

सागाचे गोल घ्या. ट्रकच्या दोन्ही बाजूंना उभे खांब असतात, खालचे जाड गोल त्यांना भिडतात, वरचे त्यांच्या खाचेत बसतात, आणि साखळी सर्वांत शेवटी येते. साखळीचं काम गोलांना थांबवणं नाही, तर त्यांना एकमेकांवर दाबून ठेवणं. थांबवतात ते खांब. 29 मार्च 2023 रोजी अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागाचं लाकूड शोभायात्रेनं निघालं तेव्हा वर फुलं होती आणि पुढे ढोल होते, पण गाडी रस्त्याला लागल्यावर लाकूड जागेवर राहिलं ते याच जुन्या रीतीनं. बांबू याच्या उलट. तो गुळगुळीत, लवचिक आणि लांब. त्याच्या मोळ्या आतल्या आत सरकतात. म्हणून बांबूला एका ठिकाणी कितीही आवळून उपयोग नाही, तीन-चार ठिकाणी थोडं थोडं आवळावं लागतं. मागे लोंबणाऱ्या टोकाला लाल फडकं बांधलं की झालं, ही समजूतही आता कायद्याला चालत नाही. पाट्याबाहेर निघालेल्या लोखंडी सळयांनी घेतलेल्या बळींनंतर 2014 मध्ये केंद्र सरकारनं माल बाहेर काढून नेण्याची सवलतच काढून टाकली.

पोकलेनचा धडा मात्र मोटारीच्या सर्वांत जवळचा. त्याचे लोखंडी पट्टे लोबेडच्या लोखंडी पाट्यावर थेट उभे केले तर वजन वीस टन असूनही ते सरकतं. लोखंडावर लोखंड फार कमी घर्षण देतं. जाणता ऑपरेटर म्हणूनच पट्ट्यांखाली आधी लाकडी फळ्या टाकतो, बूम आणि बकेट खाली टेकवतो, वरचा भाग फिरू नये म्हणून लॉक करतो, आणि मग चार कोपऱ्यांतून साखळ्या काढतो. यातली फळी ही सर्वांत स्वस्त वस्तू आणि तीच सर्वांत जास्त काम करते. एखादा लोबेड थांबलेला दिसला तर पट्ट्यांखाली वाकून बघावं. फळी दिसली तर त्या माणसाच्या मागे बिनधास्त गाडी चालवावी.

आणखी एक ओझं या जंगलातून जातं, त्याला बांधताच येत नाही. मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीच्या परिसरातल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्याला हलवल्या. पिंजरा गाडीला कितीही घट्ट आवळा, आतलं वजन उठतं, वळतं, एका बाजूला जातं. मग चालकाच्या हातात दोनच गोष्टी उरतात: वेग आणि वळण.

मोटार या दोन टोकांच्या मध्ये आहे. बाहेरून ती लोखंडाचा ठोकळा दिसते, पण तिचं धड स्प्रिंगांवर तरंगत असतं. साऱ्या घोटाळ्याचं मूळ इथे आहे. पट्टा धडाला बांधला, म्हणजे चासीला, बंपरच्या आडव्या पट्टीला किंवा ओढायच्या कडीला, आणि आवळला, तर गाडी स्प्रिंगांवर खाली बसते आणि पट्टा ताठ दिसतो. ट्रेलर खड्ड्यात आदळला की धड आणखी दोन-चार सेंटिमीटर खाली जातं. तेवढ्या क्षणापुरता पट्टा सैल पडतो आणि तेवढ्यात नुसता अडकवलेला हूक निसटतो. पुढच्या खड्ड्याला गाडीच्या त्या कोपऱ्याला धरणारं काहीच नसतं. खनिजाच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर हे दर शंभर पावलांवर घडू शकतं. हूक निसटू नये म्हणून दुप्पट जोरानं आवळलं तर स्प्रिंग तळाला टेकते आणि शॉकअॅब्सॉर्बरचे सील फुटायची वेळ येते.

म्हणून गाडी बांधायची नाही, चाकं बांधायची. चाक आणि पाटा यांच्या मध्ये स्प्रिंग नाही. टायरच्या रबराची थोडी लवचिकता तेवढी आहे. चाक पाट्याला जखडलं की वरचं धड आपल्या स्प्रिंगांवर रस्त्यावर हलतं तसं खुशाल हलू दे, पट्टा सैल पडत नाही. नव्या गाड्या कारखान्यातून शोरूमला आणणाऱ्या मोठ्या कॅरियरमध्ये बघा: जाळीदार पाटा, चाकाच्या पुढे-मागे अडकवलेले ठोकळे आणि टायरवरून गेलेला पट्टा. धडाला कुणी हात लावत नाही. रेल्वेही मोटारी नेते. जुन्या प्रवासी डब्यांची डागडुजी करून केलेल्या, एनएमजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डब्यांतून. तिथेही बांधाबांध चाकांशीच. रेसट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांकडे तर हे ज्ञान उपजतच असतं, कारण त्यांची गाडी जमिनीला जवळजवळ चिकटलेली असते आणि शर्यतीला ती ट्रेलरवरूनच जाते.

चाकावरचा पट्टा टाकायच्या रीती दोन. एक, टायरच्या माथ्यावरून तीन ठिकाणी अडकणारा: पुढे एक टोक, मागे एक टोक, आणि मधे रबराच्या खाचा असलेले तुकडे, जे टायरच्या नक्षीत रुततात आणि पट्ट्याला बाजूला घसरू देत नाहीत. दुसरी, चाकाभोवती फासासारखा वेढा घालून त्याची दोन्ही टोकं पाट्यावर ओढणारी. पहिली बुटक्या गाडीला जास्त बरी, पण मडगार्ड आणि टायर यांच्या मध्ये बोट जाईल एवढीच जागा असली तर पट्टा सरकवताना रंग खरवडतो, तेव्हा फास. ॲलॉय चाकाच्या आऱ्यांमधून मात्र पट्टा ओवू नये. आऱ्याची कड पट्टा कापते आणि पट्टा आऱ्यावर ओरखडा काढतो, दोघांचंही नुकसान. काही मोटारींच्या तळाला, चासीच्या लांबट भागात, वाहतुकीसाठी खास खाचा दिलेल्या असतात आणि त्यात बसणारे टी आणि आर आकाराचे हूक मिळतात. गाडीच्या पुस्तिकेत त्यांचा उल्लेख असला तर त्या वापरायला हरकत नाही. नसला तर 'काहीतरी लोखंडी दिसतं' म्हणून स्टिअरिंगच्या रॉडला किंवा सस्पेन्शनच्या हाताला हूक लावू नये. तो हात पोचेपर्यंत धरेल, पण गाडी घरी नेल्यावर एका बाजूला ओढायला लागेल आणि दोष टायरवाल्याला दिला जाईल.

किती ताकदीचा पट्टा? युरोपात रस्त्यावरच्या मालासाठी हिशेब असा करतात: ब्रेक लागला की माल स्वतःच्या वजनाच्या आठ-दशांश जोरानं पुढे जाऊ पाहतो, वळणावर बाजूला आणि वेग घेताना मागे पाच-दशांश. बाराशे किलोच्या गाडीला पुढच्या दिशेनं साडेनऊशे किलोंचा धक्का. त्यातला काही भाग टायर-पाट्याचं घर्षण खातं, पण पाट्यावर चिखल किंवा कोळशाची ओली भुकटी असेल तर त्यावर फार विसंबू नये. म्हणजे चढवण्याआधी पाटा झाडून-पुसून घेणं हेसुद्धा बांधण्याचाच भाग. उरलेला भार चार पट्ट्यांत वाटला तर 50 मिलिमीटर रुंदीचा चांगला रॅचेट पट्टा तो सहज पेलतो. इथे एक ग्यानबाची मेख आहे. बाजारात '5 टन' म्हणून विकला जाणारा पट्टा बहुधा सरळ ओढीत अडीच टनांचाच असतो. पाच टन ही पट्टा वळसा घालून दुहेरी झाल्यावरची, किंवा नुसती तुटायची मर्यादा असते. पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी वाचावी. पॉलिएस्टरची चिठ्ठी निळी असते, आणि पॉलिएस्टरच हवा. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, म्हणजे सैल पडते, आणि तिला मारलेली गाठ तिची निम्म्यापर्यंत ताकद खाते. फाटलेल्या पट्ट्याला गाठ मारून तो पुन्हा वापरायची सवय तर सर्रास आहे. इथल्या मे महिन्यातलं शेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांचं ऊन आणि विणीत शिरलेली कोळशाची धूळ दोन्ही पट्ट्याला आतून खातात. वरून पिवळाजर्द दिसणारा पट्टा वाकवला की करकरतो, तो टाकावा.

पण एवढं सगळं मोजूनही खरं सांगायचं तर पट्टा सहसा तुटत नाही. निसटतो तो हूक, किंवा उखडते ती ट्रकवरची कडी. आपल्याकडच्या साध्या ट्रकच्या फाळक्याखाली जे हूक असतात ते ताडपत्रीची दोरी अडकवायला केलेले आहेत. खाली ओढलेली दोरी ते धरतात. पुढे-मागे उसळणाऱ्या गाडीचा झटका त्यांच्या वेल्डिंगला झेपत नाही. मोटार न्यायची तर पाट्याच्या आडव्या बीमला पक्क्या जोडलेल्या कड्या हव्यात. पट्ट्यांची दिशाही महत्त्वाची: पुढचे दोन पुढच्या कोपऱ्यांकडे, मागचे दोन मागच्या कोपऱ्यांकडे, आणि पाट्याशी फार उभे नाहीत, फार आडवेही नाहीत. सरळ उभा पट्टा गाडी नुसती दाबतो, पुढे जाताना अडवत नाही. प्रत्येक चाकाच्या पुढे-मागे पाचरीसारखे लाकडी ठोकळे, पाटा लाकडी असेल तर खिळ्यांनी ठोकलेले. गिअर पहिला, हँडब्रेक ओढलेला, आणि दोन्हींवर विश्वास शून्य.

अमेरिकेत मोटारीच्या वाहतुकीला स्वतंत्र नियम आहे. साडेचार टनांपर्यंतच्या वाहनाला पुढे आणि मागे दोन्हीकडे मिळून किमान दोन बंध, आणि निघाल्यावर पहिल्या 80 किलोमीटरच्या आत थांबून तपासणी. आपल्या रस्त्यांना 80 किलोमीटर फार झाले. पहिल्या दहाव्या किलोमीटरलाच उतरावं, कारण टायर पट्ट्याखाली तेवढ्यात बसलेला असतो आणि रॅचेट दोन दातांनी तरी पुढे जातो. नंतर रस्त्याच्या प्रत्येक खराब तुकड्यानंतर. चहाला थांबायचंच असतं, तर चहाच्या आधी चारही पट्ट्यांवर हात आपटून बघावा: ताठ पट्टा वाजतो, सैल पट्टा नुसता हलतो.

फ्लॅटबेड न मिळाल्यास काय, हा प्रश्न इथे कायम उभा असतो. टोचन हे पहिलं उत्तर. दोन्ही गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, असा नियमच आहे. वेग अगदी कमी, मागच्या गाडीत स्टिअरिंगवर माणूस हवाच. इंजिन बंद असलं की ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतही बंद, हे त्या माणसाला आधी सांगावं. हे उत्तर जवळच्या गावापर्यंत जायला. पुढची चाकं उचलून नेणारी क्रेन हे दुसरं. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीला ती चालते, पण बुटक्या गाडीची शेपूट गतिरोधकावर घासते. ऑटोमॅटिक आणि विजेच्या गाडीत चालणारी चाकं जमिनीवर फिरत ठेवली तर गिअरबॉक्स कोरडा फिरतो किंवा मोटर वीज तयार करू लागते; अशा गाडीची चालणारी चाकं तरी वरच हवीत, दुसरा मार्ग नाही. बॅटरी पूर्ण उतरलेली विजेची गाडी पार्किंगमध्येच अडकून बसते आणि चाकं फिरतच नाहीत. मग चाकाखाली सरकवायच्या छोट्या ट्रॉल्या लागतात, आणि त्या ज्याच्याकडे आहेत असा माणूस आलापल्लीच्या पुढे शोधून सापडणं कठीण.

कायदा या सगळ्याकडे बाजूनं बघतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली जादा वजनाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000; माल बाजूला, पुढे-मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर 20,000. रुंदीची मर्यादा 2.6 मीटर. म्हणजे किती नेलं आणि किती बाहेर आलं हे मोजलं जातं. वन नाक्यावर लाकडाचा परवाना आणि गोलावरची हातोड्याची खूण बघतात. नीट बांधलं आहे का, हे बघायचं काम कुणाच्या रोजच्या तपासणीत नाही, आणि रस्त्यावर सुटलेल्या मालानं नुकसान झाल्यावर मात्र सगळेच येतात.

विम्याची बाजू त्याहून कमी लोकांना माहीत असते. आपल्या नेहमीच्या मोटार विम्यात रस्त्यानं, रेल्वेनं किंवा जलमार्गानं नेताना झालेलं नुकसान धरलेलं आहे, तेव्हा ट्रेलरवरून पडलेल्या गाडीचा दावा मुळातच फेटाळला जाईल असं नाही. अपघातानंतर गाडी उचलून जवळच्या कार्यशाळेत न्यायला मात्र मूळ पॉलिसीत खासगी मोटारीसाठी 1,500 रुपयांचीच तरतूद. अहेरीहून चंद्रपूरच्या फ्लॅटबेडच्या भाड्यापुढे ही रक्कम म्हणजे दर्या में खसखस. रस्त्यावरच्या मदतीची जोड-योजना घेतली असेल तर तिच्यातली किलोमीटरची मर्यादा घरी असतानाच वाचावी; ती शहरातल्या बिघाडाच्या मापानं ठरवलेली असते. आणि गाडी ट्रान्सपोर्टमार्फत पाठवायची तर बिल्टीवर तिची किंमत लिहून घ्यावी. रस्ता वाहतूक कायदा 2007 चा, नियम 2011 चे. त्यांनुसार जास्त जोखमीचा वाढीव दर कबूल केलेला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटींवर थांबते. वीस हजारांच्या भाड्याला दोन लाख, गाडी मग बारा लाखांची का असेना. निघण्याआधी चारही बाजूंचे, चाकांचे आणि पोटाखालचे फोटो काढले तर हुज्जत निम्म्यानं कमी होते.

उतरवण्याकडे सगळेच दुर्लक्ष करतात, कारण पोचलो म्हणजे झालं असं वाटतं. कार्यशाळेच्या दारातला उतार बहुधा रस्त्याकडे असतो. ट्रेलरचं तोंड कोणत्या बाजूला आहे ते आधी बघावं. पट्टे सोडायच्या आधी विंचची तार लावून ती ताठ करून घ्यावी. रॅचेट एकदम मोकळं होतं तेव्हा त्याच्या दांड्यावर तोंड आणू नये. आधी मागचे दोन पट्टे, मग पुढचे, ठोकळे सर्वांत शेवटी. आणि ठोकळे काढणारा माणूस गाडीच्या मागे नाही, बाजूला उभा असावा.